एमएल नको, मिलिग्रॅम सांग

प्रिय डॉक्टर,

(इंटर्न असलीस तरी मी डॉक्टरच म्हणणार.)

रात्री पावणेदोनचा तुझा मेसेज सकाळी चहा पिताना वाचला आणि चहा तसाच गार झाला. पोट फिरलेल्या लॅब्रेडॉर कुत्र्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी मॉनिटरवर हार्टच्या रुंद रुंद, बिघडलेल्या बीट्सची रांग लागली, रेट १९० च्या वर, सरांनी फोनवरून सांगितलं लिग्नोकेन दोन एमएल सोड पटकन, आणि तू सिरिंज हातात धरून उभी, कारण ट्रेमध्ये लिग्नोकेनच्या (जागा बधिर करणारं, पण शिरेतून दिलं की बिघडलेले ठोके ताळ्यावर आणणारं औषध) दोन बाटल्या होत्या. मग ओरडा खाल्लास. आणि आता विचारतेयस की इमर्जन्सी मला जमणारच नाही का.

त्या दोन बाटल्यांपैकी एक अ‍ॅड्रेनालिनवाली, म्हणजे हार्टला आणखी पळवणारं औषध मिसळलेली होती हे तू मेसेजच्या शेवटी सहज लिहिलंयस, जणू किरकोळ गोष्ट. अगं तेच तर सगळं आहे! टाके घालताना वापरायची बाटली ती, आधीच उधळलेल्या हार्टला शिरेतून अ‍ॅड्रेनालिन गेलं असतं तर आज तू मला वेगळाच मेसेज केला असतास. तू थांबलीस ते बरोबरच होतं, पण गप्प का राहिलीस? तोंड उघडायचं ना. "सर, किती मिलिग्रॅम?" एवढंच विचारायचं होतं.

एमएल हा डोस नाही. हे मी तुला मागे कॅन्टीनमध्ये पण सांगितलं होतं आणि तू मान डोलावून वडापाव खात होतीस.

२ टक्के लिग्नोकेन म्हणजे एका एमएलमध्ये २० मिलिग्रॅम. २० किलोच्या कुत्र्याला किलोला २ मिलिग्रॅम धरले तर ४० मिलिग्रॅम, म्हणजे २ एमएल, आणि तेही एक-दोन मिनिटं घेऊन, डोळे ईसीजीवर ठेवून. हे दोन एमएल गणिताच्या शेवटी येतात, सुरुवातीला नाही. स्पायनलची, म्हणजे पाठीच्या कण्यात भूल द्यायची ५ टक्के हेवी बाटली हातात आली तर तेच दोन एमएल १०० मिलिग्रॅम होतात. मांजर असेल तर आणखीच जपून, किलोला पाव ते अर्धा मिलिग्रॅम, त्यांना लिग्नोकेन सोसत नाही, झटके येतात. आणि कुत्र्यालासुद्धा परत परत बोलस (शिरेतून एका वेळी सोडलेला डोस) देत किलोमागे एकूण ८ मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही, उलटी झाली, अंग थरथरायला लागलं की हात मागे.

आता माझं ऐक. हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

क्लिनिक टाकून दोन-तीन वर्षं झाली असतील, एक पॉमेरियन आला, ३ किलोचा, हार्ट पार थकलेलं. डोब्युटामिन, म्हणजे हार्टला जोर देणारं औषध, ड्रिपने लावायचं ठरलं. आमच्याकडे नेहमी २० एमएलची व्हायल यायची, त्यात २५० मिलिग्रॅम, म्हणून मी सवयीने क्लिनिकमधल्या मदतनीस पोराला ओरडून सांगितलं "पाच एमएल टाक ५०० च्या बाटलीत". त्या दिवशी केमिस्टने दुसऱ्या कंपनीचं दिलं होतं, ५ एमएलचा अ‍ॅम्प्युल, त्यातही २५० मिलिग्रॅम. पोराने अख्खा अ‍ॅम्प्युल फोडून टाकला. मी सांगितलं तेच केलं त्याने, पाच एमएल. औषध चौपट. मायक्रोड्रिपवर, म्हणजे बारीक थेंबांच्या नळीवर, मिनिटाला ७ थेंब ठेवले होते, माझ्या हिशोबाने किलोला मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, खरे जात होते २०. थोड्या वेळाने स्टेथो लावला तर ठोके मोजता येईनात.

ड्रिप बंद केली. डोब्युटामिन शरीरात काही मिनिटंच टिकतं म्हणून ते कुत्रं वाचलं, माझ्या हुशारीने नाही. आणि मालकिणीला मी काय सांगितलं माहितेय? "औषधाची रिअ‍ॅक्शन आली हो, होतं असं कधीकधी." तिने हात जोडून थँक्यू म्हटलं. आणि त्या पोराला मी सगळ्यांसमोर झापला, तो महिन्याभरात सोडून गेला.

आता कुणी म्हणेल तेव्हा सिरिंज पंप नव्हता, एका माणसाने ओपीडी, ऑपरेशन, बिल सगळं बघायचं, केमिस्टने न सांगता कंपनी बदलली. खरंच आहे ते, मी आजही म्हणतो. पण तोंडातून एमएल माझ्याच निघाला होता ना.

तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे आणि लोक हसतात त्याला. सांगणारा मिलिग्रॅम सांगतो, भरणारा लेबल मोठ्याने वाचतो, एमएल काढतो आणि परत बोलून दाखवतो. ड्रिप असेल तर वजन गुणिले मायक्रोग्रॅम गुणिले ६० भागिले हजार, आले तासाचे मिलिग्रॅम, कागदावर, तोंडी नाही. सिरिंजवर पट्टी, औषधाचं नाव आणि एका एमएलमध्ये किती ते. नुसतं 'डोबु' लिहिलेली सिरिंज मी कचऱ्यात टाकतो, महाग असली तरी. आणि त्याच लाईनमधून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) किंवा सोडाबायकार्ब द्यायचं नाही, डोब्युटामिनचं त्यांच्याशी पटत नाही, वेगळी शीर धर.

तू म्हणशील सीनियरला उलट कसं विचारायचं. उलट नाही गं, सरळच विचारायचं. गावाकडे गाईला कॅल्शियम सोडताना छातीवर स्टेथो ठेवून बसलेला डॉक्टर बघितलायस ना, मालक मागून "सोडा की साहेब लवकर" करत असतो आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो, ठोका चुकला की बाटली खाली घेतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. म्हटलं तरी म्हणू दे.

तुझे सर वाईट नाहीत, रात्री दोनला झोपेतून उठून फोनवर बोलणारा माणूस एमएलच बोलतो, मीही बोलायचो. म्हणून तर विचारायचं.

लॅब्रेडॉर आता कसा आहे ते कळव. आणि वजन किती होतं तेही, काट्यावरचं. मेसेजमध्ये "अंदाजे तीस" लिहिलंयस ते मला चालणार नाही.