वाचकांचे प्रश्न : कोड कुणाचा, परवाना कोणता?

(फाइलीत टाइप करायच्या ओळी, आज्ञा आणि परवान्यांची नावं संगणकावर रोमन लिपीतच लिहायची. इथे त्यांचे उच्चार छापले आहेत.)

प्रश्न : आमच्या यंत्रमाग कारखान्यासाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला आहे. चादरीच्या डिझाइनचं चित्र दिलं की तो जॅकार्डसाठी (नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी) चौकटींचा आलेख काढून देतो. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाकताना रीडमीत (माहितीच्या फाइलीत) ‘सर्वांसाठी मोफत’ असं लिहिलं. तरी इचलकरंजीचे एक कारखानदार विचारतात, ‘परवाना दिसत नाही, वापरू का?’ मोफत म्हटल्यावर आणखी काय लिहायचं?
— वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : त्यांनी विचारलं हे चांगलंच केलं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला जातो. लिहिला त्या क्षणी त्यावर कॉपीराइट लागतो, त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. म्हणजे परवाना दिला नाही तर सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. ‘मोफत’ म्हटल्याने पैसे लागत नाहीत एवढंच समजतं. बदल करता येतील का, दुसऱ्याला देता येईल का, हे त्यातून समजत नाही.

आधी परवाना ठरवा. बदल करून पुढे वाटणाऱ्यानेही आपला कोड खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल घ्या. नाव आणि नोटीस राखली की पुरे, असं असेल तर एमआयटी. पेटंटबद्दलही स्पष्ट परवानगी द्यायची असेल तर अपाची २.०. स्वतःच्या मनाने परवाना लिहू नका. त्यातला एक मोघम शब्दही वापरणाऱ्याला अडवून ठेवतो.

जीपीएल निवडला असं धरू. मग प्रकल्पाच्या मुळाशी, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, ‘लायसन्सेस’ नावाचं फोल्डर करा, नाव सगळं कॅपिटल अक्षरांत. त्यात परवान्याचा पूर्ण मजकूर, एकही शब्द न बदलता, ‘जीपीएल-३.०-ऑर-लेटर.टीएक्सटी’ या नावाने ठेवा. त्यानंतर प्रत्येक कोड फाइलीच्या माथ्यावर या दोन ओळी (एसपीडीएक्स ही परवाने नोंदवायची ठरलेली पद्धत) :

\# एसपीडीएक्स-फाइलकॉपीराइटटेक्स्ट: २०२४ तुमचं नाव <ईमेल>
\# एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर: जीपीएल-३.०-ऑर-लेटर

फाइल ‘\#!’ने सुरू होत असेल तर ती ओळ पहिलीच राहू द्या, नाहीतर प्रोग्रॅम थेट चालणार नाही. परवान्याचं लघुनाव एसपीडीएक्सच्या यादीतून जसंच्या तसं उचला. ही पद्धत आयएसओ/आयईसी ५९६२:२०२१ या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. नुसतं ‘जीपीएल’ लिहून भागत नाही. ‘३.०-ओन्ली’ म्हणजे फक्त तिसरी आवृत्ती, ‘३.०-ऑर-लेटर’ म्हणजे तिसरी किंवा पुढची कुठलीही.

प्रत्येक फाइलीवर का? चादरींचा गठ्ठा सुटला तरी लेबल शिवलेलं असतं म्हणून एकेक चादर कुणाची ते कळतं. उद्या कुणी तुमची आलेख काढणारी एकच फाइल उचलून आपल्या प्रकल्पात घालेल. परवाना फक्त मुळाशी ठेवलेल्या मजकुरात असेल तर तो मागेच राहील. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, कर्नलमध्येही परवान्याचा उल्लेख नसलेल्या हजारो फाइली होत्या, त्यांवर २०१७मध्ये अशा ओळी घालाव्या लागल्या.

मुळाशी ‘लायसन्स’ नावाची एक प्रतही असू द्या. गिटहब तीच वाचून पानावर परवाना दाखवतं.

प्रश्न : चित्रांत, जेसन फाइलीत (माहिती साठवायच्या मजकूर फाइलीत) आणि फाँटमध्ये कॉपीराइट-परवान्याच्या या दोन ओळी कुठे लिहायच्या?
— विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : जेसनमध्ये टिप्पणीची, म्हणजे प्रोग्रॅम वाचताना सोडून देतो अशा ओळीची, सोयच नाही. तिथे ओळ घुसवली तर फाइल वाचताना प्रोग्रॅम चूक दाखवेल. शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘.लायसन्स’ जोडलेली साधी मजकूर फाइल ठेवा. ‘फूल.पीएनजी’ असेल तर ‘फूल.पीएनजी.लायसन्स’, आत त्याच दोन ओळी, पण \# शिवाय.

दोनशे चित्रं असतील तर मुळाशी ‘रियूज.टोमल’ ही एकच फाइल पुरते. त्यात ‘व्हर्जन = १’, खाली दुहेरी चौकटी कंसात ‘अ‍ॅनोटेशन्स’, मग फोल्डरचा ‘पाथ’ आणि त्याच दोन नोंदी. पाथमध्ये एकच तारांकन दिलं तर आतली उपफोल्डरं सुटतात, दोन द्या. जुन्या माहितीत ‘डेप५’ फाइल सांगितलेली सापडेल, रियूज या नियमावलीच्या २०२४मधल्या ३.२ आवृत्तीपासून तिची जागा टोमलने घेतली आहे.

फाँटवर मात्र आपलं नाव घालू नका. ‘मुक्त’सारखा देवनागरी फाँट ओएफएल-१.१ या फाँटसाठीच्या खुल्या परवान्याखाली येतो. फाँटसोबत आलेली कॉपीराइट ओळ तशीच नोंदवा, परवान्याचा मजकूर ‘लायसन्सेस’मध्ये टाका. हा फाँट सॉफ्टवेअरसोबत देता येतो, पण नुसता फाँट विकता येत नाही.

प्रश्न : नोकरीत असताना लिहिलेल्या कोडवर माझं नाव घालू का? आणि दुसऱ्याने सुधारणा पाठवली तर?
— वाचक, होटगी रोड

उत्तर : नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडच्या कॉपीराइटचा पहिला हक्कदार नोकरी देणारा मालकच, वेगळा करार नसेल तर. हे कलम १७ मध्ये आहे. अशा कोडवर कंपनीचं नाव येतं, आणि तो खुला करायचा तर कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या. नंतर मागताना फार जड जातं.

दुसऱ्याने केलेल्या मोठ्या सुधारणेसाठी त्याच्या नावाची कॉपीराइट ओळ तुमच्या ओळीखाली जोडा. एमआयटीखालची फाइल कुठून आणली असेल तर मूळ लेखकाची ओळ अजिबात पुसू नका. ती राखणं हीच त्या परवान्याची अट आहे, आणि लोक नेमकी तीच ‘साफसफाई’ करताना उडवतात.

वर्षाचं म्हणाल तर फाइल पहिल्यांदा प्रसिद्ध झाली ते लिहा. दर जानेवारीत सगळीकडे आकडा बदलत बसायची गरज नाही.

प्रश्न : सगळं केलं, पण एखादी फाइल सुटली का हे कसं पाहू?
— वाचक, बार्शी

उत्तर : फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपचं ‘रियूज’ हे साधन ‘पिपेक्स इन्स्टॉल रियूज’ या आज्ञेने बसवा (पिपेक्स म्हणजे पायथनची साधनं बसवणारा प्रोग्रॅम), प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘रियूज लिंट’ चालवा. सुटलेल्या फाइलींची नावंच ते छापतं. ‘मिसिंग लायसन्सेस’ आलं तर फाइलीत नाव आहे पण फोल्डरमध्ये मजकूर नाही. ‘रियूज डाउनलोड --ऑल’ तो आणून ठेवतं. ‘अनयूज्ड’ म्हणजे उलट, मजकूर आहे पण कुठल्याच फाइलीत त्याचा उल्लेख नाही. ‘बॅड’ आलं तर बहुतेक वेळा लघुनावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं. हीच आज्ञा गिटहबच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत जोडून ठेवा, म्हणजे ओळींशिवाय आलेली नवी फाइल मिसळण्याआधीच अडेल.