मशीन चीनचं, बिल कुठल्या नंबरावर?

प्रश्न : ताई, आयईसी कोड दरवर्षी रिन्यू करावा लागतो म्हणून एका एजंटाचा फोन आला. सहा हजार रुपये मागतोय, नाही दिले तर कोड बंद पडेल म्हणतो. खरं आहे का?
— एक वाचक, निपाणी

कोड बंद पडतो हे खरं, सहा हजार मात्र खोटे. आयात-निर्यातीचा कोड एकदाच काढायचा असतो, त्याची सरकारी फी ५०० रुपये. आता तो नंबर म्हणजे तुमचा पॅनच. २०२१ पासून नियम असा आहे की दरवर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या, साइटवर जाऊन पत्ता, बँक, मोबाइल बरोबर आहेत ना ते बघून पुन्हा नोंदवायचं. काही बदललं नसलं तरी हे करावंच लागतं. या मुदतीत त्याला एक पैसा लागत नाही. राहून गेलं तर कोड निष्क्रिय होतो आणि माल बंदरात असताना ते कळलं की धावपळ होते. घरच्या कॉम्प्युटरवर अर्ध्या तासाचं काम आहे. एजंटाला ओटीपी देऊ नका.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत माझं हायड्रॉलिक सिलिंडरचं युनिट आहे, सात माणसं. गेल्या वर्षी शिनोळीलाही एक शेड घेतली. नळ्या होनिंगला (आतून घासून गुळगुळीत करायला) बाहेर द्याव्या लागतात, त्यात आठवडा आठवडा जातो, म्हणून चीनमधून होनिंग मशीन आणायचं ठरवलंय. त्याच्यासोबत थोडे सील (सिलिंडरमधलं तेल अडवणाऱ्या रिंगा) पण मागवायलोय. सप्लायर ३० टक्के अॅडव्हान्स मागतोय, ‘लवकर पाठवा, भाव वाढायलाय’ म्हणतो. प्रोफॉर्मावर (कच्च्या बिलावर) सीआयएफ न्हावा शेवा, म्हणजे त्या बंदरापर्यंतचं भाडं-विमा धरून भाव, असं लिहिलंय. परवा मेल आली की जुन्या खात्याचं ऑडिट चाललंय, पैसे या नव्या खात्यावर टाका. सोमवारी पैसे पाठवणार आहे. त्याआधी काय काय बघू?
— एक वाचक, उद्यमबाग

तुमच्या पत्रातली ती नव्या खात्याची ओळ वाचली आणि अंक निघेपर्यंत थांबायला नको म्हणून मी त्याच दुपारी तुम्हाला फोन लावला. पैसे अजून गेले नव्हते हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. पुढे काय झालं ते तुमच्या परवानगीने इतर वाचकांसाठी लिहिते.

तुम्ही जुनी आणि नवी मेल शेजारी शेजारी ठेवून माझ्यासमोर वाचली. सप्लायरच्या पत्त्यात जिथे ‘एम’ होतं, तिथे नव्या मेलमध्ये ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून आले होते. मोबाइलच्या बारीक अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात. मग तुम्ही त्या मेलमधला नंबर न घेता, सहा महिन्यांपूर्वीच्या कोटेशनवरच्या नंबरावर व्हिडिओ कॉल केलात. समोरच्या बाईंना नव्या खात्याची काहीच कल्पना नव्हती. कोणीतरी तुमच्या दोघांच्या मेल वाचत बसलं होतं आणि पैसे पाठवायची वेळ जवळ आली तशी मधेच घुसलं. बाहेर देशी गेलेला पैसा परत आणणं किती अवघड असतं ते मी जवळून पाहिलंय. खातं बदललं असं कोणीही कळवलं तर जुन्या नंबरावर, तोंडी, चेहरा बघून खात्री करा. आणि दोन्ही मेलचे पासवर्ड आजच बदला, सप्लायरलाही बदलायला सांगा.

आता खरा मुद्दा. तुम्ही तो विचारला नाहीत, पण आपल्या भागातल्या माणसाला तोच सगळ्यात आधी लागतो. हे मशीन बसणार कुठे, उद्यमबागेत की शिनोळीला?

आयईसी तुमचा एकच, कारण पॅन एकच. पण जीएसटी नंबर दोन आहेत. उद्यमबागेचा २९ ने सुरू होतो, शिनोळीचा २७ ने. मधे अर्ध्या तासाचा रस्ता, पण एका शेडवर कर्नाटकाचा कर आणि दुसरीवर महाराष्ट्राचा. बंदरात बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा फॉर्म, भरताना त्यावर एकच जीएसटी नंबर पडतो आणि तुम्ही भरलेल्या आयजीएसटीचं (आयातीवरच्या जीएसटीचं) क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजा होणारी रक्कम, त्याच नंबराच्या खात्यावर जातं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या घरच्या युनिटचे हिशेब आणि आयात मी बावीस वर्षं बघितली. जीएसटी आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही एक लेथ मागवला, तो उद्यमबागेत बसवायला. शिनोळीची शेडही तेव्हा आमचीच. कस्टम ब्रोकरच्या, म्हणजे बंदरातली कागदपत्रं करणाऱ्याच्या, फायलीत आधीच्या एका पार्सलपासून शिनोळीचाच नंबर होता. त्याने तोच भरला. चेकलिस्ट, म्हणजे त्या फॉर्मचा मसुदा, मंजुरीसाठी माझ्याकडे आली होती. मी रक्कम बघितली, वर्णन बघितलं, वजन बघितलं, जीएसटी नंबरचे पंधरा आकडे-अक्षरं काही तपासली नाहीत. लेथ आला, खाली उतरला, नारळ फुटला. महिनाअखेरीला बेळगावच्या खात्यावर क्रेडिट दिसेना. तीन लाखांच्या वर रक्कम महाराष्ट्राच्या खात्यात जाऊन बसली होती आणि तिथे आमची विक्री नावालाच. बेळगावचा कर मात्र दर महिन्याला रोखीनं भरायचा. शेवटी सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज केला, पाच महिने त्याच्या मागे गेले. त्या पाच महिन्यांत दोनदा पगार उशिरा झाले. माणसं काही बोलली नाहीत, त्याचंच मला अजून वाईट वाटतं.

तर मशीन जिथे बसणार, तोच जीएसटी नंबर आणि तोच पत्ता प्रोफॉर्मापासून सगळीकडे घाला. ब्रोकरला मेलवर लेखी कळवा. चेकलिस्ट आली की पहिले दोन आकडे बोट ठेवून वाचा. ‘दोन्हीकडे वापरू, आधी इकडे बसवू मग तिकडे नेऊ’ असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. मालक एकच असला तरी जीएसटीच्या लेखी उद्यमबाग आणि शिनोळी ही दोन वेगळी माणसं आहेत. मशीन कायमचं हलवायचं झालं तर स्वतःच स्वतःच्या नावे टॅक्स इनव्हॉइस फाडून आयजीएसटी लावावा लागतो.

पैशांचा अंदाज सांगते, म्हणजे बँकेत किती तयार ठेवायचं ते कळेल. समजा भाडं आणि विमा धरून मशीनची किंमत २० लाख झाली आणि मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के असलं. ते झालं १,५०,०००. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १५,०००. आता २१,६५,००० वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ३,८९,७००. एकूण ५,५४,७०० रुपये भरल्याशिवाय मशीन हलणार नाही. यातल्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, १,६५,००० तुमच्या अंगावर राहतात, म्हणजे मशीनच्या किमतीत जातात. फक्त आयजीएसटीच्या रकमेवर घसारा घेऊ नका, तो घेतला तर क्रेडिट जातं. सीएंना एवढं वाक्य दाखवा.

सील वेगळे मागवा. सप्लायरने सगळ्यांवर सरसकट ‘मशीन पार्ट्स’ लिहिलंय, ते चालणार नाही. कस्टमच्या वर्गीकरणात साधं रबरी सील ४०१६ या कोडाखाली येतं, पॉलियुरेथेनचं साधारणपणे प्लास्टिकच्या ३९ व्या प्रकरणात, आणि होनिंग मशीन ८४६० मध्ये. प्रत्येक सील कशाचं आहे ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि आठ आकडी कोड ब्रोकरकडून ठरवून घ्या. दोनशे रुपयांच्या सीलच्या वर्णनावर अधिकाऱ्याने शंका काढली तर तेवढ्यासाठी पूर्ण मशीन अडकून पडतं. यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी केंद्राने २०२४ मध्ये एक आदेश काढलाय, त्याच्या अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली गेली होती. तुमच्या मशीनला तो लागू होतो का आणि सध्या काय स्थिती आहे, हे ऑर्डर देण्याच्या आठवड्यातच ब्रोकरला विचारा. गेल्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

सीआयएफचा भाव स्वस्त दिसतो, त्याला भुलू नका. सीआयएफमध्ये जहाजाचा माणूस सप्लायर ठरवतो. तुमचं मशीन पूर्ण कंटेनर भरणार नाही, ते इतरांच्या मालासोबत येणार. अशा वेळी तिकडे भाडं अगदी कमी दाखवतात आणि इकडे डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याची चिठ्ठी) घ्यायला गेलं की डेस्टिनेशन चार्जेसचं लांबलचक बिल हातात पडतं. तेव्हा माल त्यांच्या ताब्यात असतो, घासाघीस कशाच्या जोरावर करणार? एफओबी, म्हणजे तिकडे जहाजावर माल चढेपर्यंतचा भाव, मागा आणि फॉरवर्डर, म्हणजे माल आणून देणारा एजंट, इथला, तुमच्या ओळखीचा ठरवा. त्याच्याकडून दोन्ही टोकांचा खर्च ओळीओळीने लिहून घ्या. भाड्याची आणि विम्याची पावती जपून ठेवा. ती नसली तर कस्टम एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरून त्यावर शुल्क लावतं.

अॅडव्हान्स द्या, पण उरलेल्या ७० टक्क्यांआधी इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीच्या मालपावतीचा) मसुदा मागून घ्या. तिन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून पेन्सिलीने ओळ ओळ जुळवा. एका मशीनच्या वेळी पॅकिंग लिस्टवर दोन पेट्या होत्या आणि बिल ऑफ लेडिंगवर तीन. रात्रीच्या बसने पनवेल गाठून मी सकाळी बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामात उभी राहिले. तिसरी पेटी म्हणजे टूलचा खोका होता, आपल्या दूधवाल्याच्या क्रेटएवढा, मोठ्या पेटीच्या पायाशी दोन खिळ्यांनी ठोकलेला. तेवढ्यासाठी कागदांची दुरुस्ती करता करता नऊ दिवस गेले आणि रोजचं भाडं चढत राहिलं. त्याच वेळी लाकडी पेटीवरचा शिक्काही तिथल्या माणसाने मला दाखवला. गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाची अक्षरं, आणि एचटी, म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली. हा शिक्का नसलेली पेटी अडवतात. पॅकिंग झाल्यावर त्या शिक्क्याचा फोटो पाठवायला सांगा, मगच उरलेले पैसे सोडा.

बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलं पाहिजे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये. म्हणून मसुद्यांची घाई आतापासूनच करा. न्हावा शेवा ते बेळगाव साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे, दिवसाला २०० किलोमीटरच्या हिशेबाने ई-वे बिल (रस्त्याने माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद) तीन दिवसांचं होतं. ट्रेलर बंदरातून खरंच निघाला की मगच ते काढा. आणि मशीन उतरल्यावर बिल ऑफ एंट्रीची प्रत बँकेत द्यायला विसरू नका. तुम्ही पैसे पाठवलेत पण माल आल्याचा पुरावा नाही, अशी नोंद बँकेकडे उघडी राहिली तर पुढच्या वेळी तीच बँक हात आखडता घेते. परकीय चलनाचं टेबल प्रत्येक शाखेत नसतं, ते कुठल्या शाखेत आहे ते विचारून तिथल्या माणसाला आधी भेटून या.

प्रश्न : खडेबाजारात माझं खेळण्यांचं दुकान आहे. चीनमधून थेट थोडी खेळणी मागवून विकावी म्हणते. मुंबईच्या व्यापाऱ्यापेक्षा निम्म्या भावात पडतात.
— एक वाचिका, बेळगाव

त्या निम्म्या भावात शुल्क धरलेलं नाही. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, पुढे आणखी वाढलं. त्याहून मोठी अडचण आयएसआय चिन्हाची आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते सक्तीचं आहे आणि त्याचं लायसन्स तुम्हाला नाही, बनवणाऱ्या कारखान्याला घ्यावं लागतं. त्या सप्लायरकडे ते आहे का? ‘आहे’ असं नुसतं म्हटलं तर पुरे मानू नका. सीएम/एल ने सुरू होणारा नंबर मागा आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून कारखान्याचं नाव, पत्ता आणि मुदत जुळते का ते बघा. नंबर दिला नाही तर ऑर्डर देऊ नका. यंदाचा माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडूनच घ्या, पण त्याच्या खोक्यांवरही हाच नंबर तपासून घ्या.