डिसेंबरच्या सेलपर्यंत थांबू, की आत्ताच घेऊ?

प्रिय मावशी,

मी तिशीची, पुण्यात नोकरी करते. दादा पाच वर्षांपासून जर्मनीत आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर ‘इट टेक्स टू’ हा दोघांनी मिळून खेळायचा गेम खेळून संपवला. सेलमध्ये पाव किमतीत मिळत होता म्हणून दोघांनी घेतला. गेममध्ये दादा भिंतीत खिळा फेकायचा, मी त्याला हातोडी अडकवून झोका घ्यायचे आणि तो मुद्दाम शिटी मारून खिळा परत बोलवायचा. मी खाली! माझ्या लग्नानंतर आम्ही भावंडं इतके कधी हसलो नव्हतो.

आता तो बनवणाऱ्यांचाच ‘स्प्लिट फिक्शन’ खेळायचाय. किंमत तीन हजारांच्या वर, म्हणजे दोघांचे मिळून सहा-सात हजार. नवरा म्हणतो, “डिसेंबरात सेल लागेल, दोन महिने थांबलीस तर काय बिघडतंय?” पण वहिनीचे दिवस डिसेंबरातच भरतायत. इकडे आम्ही फ्लॅटसाठी पैसे साठवतोय. महिन्याला दोन-दोन हजार ज्याचे त्याला, त्याचा हिशेब मागायचा नाही असं ठरलंय. त्यात माझ्याकडे सेलमध्ये घेतलेले चाळीसेक गेम पडून आहेत, निम्मे उघडलेसुद्धा नाहीत, त्यामुळे कोणत्या तोंडाने बोलू? नवऱ्याला न सांगता घेऊन टाकू का? मी उधळी आहे का?

– दादाची बहीण, पुणे

—

दादाच्या बहिणी,

आधी हिशेब दुरुस्त करू, म्हणजे निम्मं ओझं इथेच उतरेल. तुम्हाला दोन प्रती घ्यायच्याच नाहीयेत. हा गेम बनवणारी स्वीडनमधली हेझलाइट ही कंपनी ‘फ्रेंड्स पास’ देते. एकाने गेम विकत घ्यायचा, दुसऱ्याने पास फुकट डाउनलोड करायचा आणि पहिल्याने बोलावलं की पूर्ण गेम शेवटापर्यंत सोबत खेळायचा. ‘इट टेक्स टू’लाही ही सोय होती, पण तेव्हा स्वस्त मिळाला म्हणून तुमचं तिकडे लक्ष गेलं नसेल. आणि विकत तूच घे. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, भारतात रुपयांतली किंमत लागते आणि ती दादाला तिकडे युरोत मोजावी लागेल त्यापेक्षा बरीच कमी आहे. म्हणजे सहा-सात हजारांचा प्रश्न तीन हजारांवर आला. तुझ्या दोन हजारांच्या हिशेबात दीड-पावणेदोन महिन्यांचा खर्च.

आता नवऱ्याचं म्हणणं. ते चुकीचं नाही, आणि एकट्याने खेळायच्या बहुतेक गेमना ते तंतोतंत लागू पडतं. ‘सायबरपंक २०७७’चं काय झालं ते आठव. १० डिसेंबर २०२० ला गेम आला. लोकांनी कित्येक महिने आधी पैसे भरून ठेवले होते. सोनीच्या प्लेस्टेशन ४ या गेम खेळायच्या यंत्रावर तो इतका मोडका निघाला की आठ दिवसांत सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत दिले. पुढच्या जूनमध्ये तो परत आला, पण खऱ्या अर्थाने सुधारला तो सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्यांना कच्चा गेम मिळाला आणि थांबणाऱ्यांना निम्म्या पैशात पक्का. हापूसचा भाव उतरायची वाट बघत बसलं तर तोवर मोसमच सरत येतो. गेमचं तसं नसतं. थांबलं की भावही उतरतो आणि मालही सुधारतो. ‘रेड डेड रिडम्प्शन २’ पीसीवर २०१९ च्या नोव्हेंबरात आला. मूळ किंमत तीन हजारांच्या वर, पण मोठ्या सेलमध्ये तो हजाराच्या आसपास सहज मिळतो आणि कथा अक्षरभरही बदललेली नाही. असा गेम तू यंदा खेळलीस काय आणि आणखी दोन वर्षांनी खेळलीस काय, तुझं काही जात नाही. नवरा बोलतोय ते याच अनुभवातून, म्हणून त्याच्यावर रागावू नकोस.

पण तू मागतेयस तो गेम एकटीने खेळताच येत नाही. दुसरा माणूस नसेल तर ‘स्प्लिट फिक्शन’ सुरूसुद्धा होत नाही. मिओ आणि झोई या दोन लेखिका. एक विज्ञानकथा लिहिते, दुसरी परीकथेसारख्या अद्भुत गोष्टी, आणि दोघी एकमेकींच्या गोष्टींत अडकून पडतात. स्क्रीनचे दोन भाग, एकात तू, दुसऱ्यात दादा. तुम्ही दोन देशांत बसलात तरी तुला त्याचा भाग दिसतो आणि त्याला तुझा. तू कुठे चुकतेयस ते त्याला दिसतं आणि तो ओरडतो, “अगं डावीकडे, डावीकडे!” एरवी व्हिडिओ कॉलवर ‘जेवलात का, थंडी आहे का’ एवढं बोलून झालं की दोन्हीकडे गप्प होतात. परदेशात भावंडं असलेल्या घरांतून मला येणाऱ्या कितीतरी पत्रांत हीच तक्रार असते. प्रेम असतं, पण बोलायला निमित्त उरत नाही. तुम्हा दोघांना ते निमित्त सापडलंय. खिळ्यावरून पडल्याची गोष्ट तू वर्षभरानंतरही लिहितेस, यावरून मला त्याची किंमत कळते.

आता दिवस मोज. हा गेम साधारण बारा-पंधरा तासांचा आहे. दर शनिवारी दोन तास धरले तर सात-आठ शनिवार. दसरा झाल्या झाल्या सुरुवात केलीत तर वहिनीचे दिवस भरायच्या आत आरामात संपतो. स्टीमचा हिवाळी सेल लागतो डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि चालतो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्या पंधरा दिवसांत दादा कुठे असेल? हॉस्पिटलात, नाहीतर घरी बाळाचे लंगोट बदलत. तिकडे हाताशी आजी नाही, मावशी नाही, बाई नाही. बाळाच्या पहिल्या वर्षात आठवड्यातून ठरलेले दोन तास सलग मिळणं जवळजवळ अशक्य, आणि मिळालेच तर त्याने ते झोपेत घालवावेत असंच मी त्याला सांगेन.

समजा सेलमध्ये चाळीस टक्के सूट मिळाली. तुझे वाचतील बाराशे-चौदाशे रुपये. एवढ्या पैशांसाठी हे आठ शनिवार सोडायचे का, असा तुझा खरा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर स्पष्ट आहे. सोडू नकोस. आत्ता घे, पूर्ण किंमत देऊन घे आणि घेतल्यावर मनाला खात बसू नकोस. यात उधळेपणा काही नाही.

उधळपट्टी झाली असेल तर ती त्या चाळीस गेममध्ये झाली, आणि तिथे मात्र मी तुझी बाजू घेणार नाही. न उघडलेला गेम ऐंशी टक्के सुटीत घेतला तरी त्यात वीस टक्के वायाच गेलेत. तसे वीस गेम म्हणजे तुझा ‘स्प्लिट फिक्शन’ केव्हाच निघून आला असता, कदाचित दोनदा. सेलच्या पानावर ते हिरव्या चौकटीतले आकडे दिसले की हात शिवशिवतो, मला माहीत आहे. ‘परत कधी मिळणार’ ही भीती तिथे मुद्दाम घातलेली असते. तिच्यात दम नाही. स्टीमचे मोठे सेल वर्षातून चारदा येतात. मार्चमध्ये, जूनच्या अखेरीस, शरदात आणि डिसेंबरात. मधूनमधून छोटे असतातच. आज हुकलेली सूट बहुतेक वेळा तीन-चार महिन्यांत तशीच्या तशी परत येते, कधी जास्तच. पटत नसेल तर स्टीमडीबी या किमतींची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर कुठल्याही जुन्या गेमचा किमतीचा आलेख उघडून बघ, दर काही महिन्यांनी रेष खाली उतरलेली दिसेल. तेव्हा आवडलेला गेम स्टीमच्या विशलिस्टमध्ये, म्हणजे हव्या असलेल्या गेमच्या यादीत टाक आणि विसरून जा, किंमत उतरली की मेल येतो. आणि आला तरी स्वतःला एवढंच विचार, हा मी या आठवड्यात खेळायला बसणार आहे का? नसेन, तर नाही.

दोन अपवाद सांगून ठेवते, कारण तू पुढे विचारशीलच. काही गेम सेलला येतच नाहीत. ‘फॅक्टोरिओ’ बनवणाऱ्या चेक मंडळींचं ‘आम्ही सूट देत नाही’ हे धोरणच आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी किंमत तीस डॉलरवरून पस्तीसवर नेली. तिथे थांबणाऱ्याचं नुकसान झालं. दुसरं, आपल्या जवळच्या छोट्या स्टुडिओंचे गेम. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. आपल्या पुराणांतल्या देवदैत्यांच्या जगात भावाला शोधत फिरणाऱ्या मुलीची गोष्ट आहे ती. त्याआधी २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून निधी उभा करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी त्यांनी गेम पूर्ण केला. अशांचा गेम खरंच खेळणार असशील तर पूर्ण किमतीत घे. मोठ्या कंपन्या सुटीचा धक्का सोसतात. पाच-दहा माणसांच्या चमूचा पुढचा गेम होणार की नाही, हे पहिल्या काही महिन्यांच्या विक्रीवर ठरतं. माझा यावर ठाम विश्वास आहे.

राहिला नवरा. त्याला न सांगता घेऊ नकोस. दोन हजार तुझे आहेत, त्याचा हिशेब द्यायचा नाही हे ठरलंय, त्यामुळे परवानगी मागायची गरज नाही. पण लपवायचीही नाही. लपवलंस तर तीन हजारांच्या साध्या खर्चाला चोरीचा वास येईल आणि शनिवारी संध्याकाळी हेडफोन लावून हसताना तुझाच जीव टांगणीला लागेल. त्याच्याशी गेमच्या किमतीवरून वादही घालू नकोस, किमतीबद्दल तो बरोबरच आहे. त्याला दिवस मोजून दाखव. सांग, “सेल लागेल तेव्हा दादाच्या घरी बाळ असेल. मला त्याच्याबरोबर हे दोन महिने हवेत. या महिन्याचे दोन हजार आणि पुढच्यातले उरलेले, माझ्या वाट्यातून. फ्लॅटच्या पैशांना हात लावत नाही. आणि सेलमधली खरेदी जूनपर्यंत बंद.” शेवटचं वाक्य बोललीस तर मग पाळायचं. मला वाटतं त्याला गेमपेक्षा त्या चाळीस गेमची धास्ती जास्त आहे, आणि ती रास्त आहे.

आता कामाचं. विकत घेतलास की चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर स्टीम पैसे परत देतं. म्हणून खरेदी केल्यावर पहिल्या शनिवारची वाट बघू नकोस. मधल्या एखाद्या संध्याकाळी दादाला अर्ध्या तासासाठी बोलाव, त्याचा पास चालतो का आणि तुझा लॅपटॉप गेम ओढतो का ते दोघं मिळून बघून घ्या. अडकत असेल तर आधी ग्राफिक्स खाली आणून बघ, तरीही जमलं नाही तर वेळेत परत कर.

आणि वेळ ठरवताना एक लक्षात ठेव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं एक तास मागे जातात. आत्ता तुमच्यात साडेतीन तासांचं अंतर आहे, मग साडेचारचं होईल. तुझे संध्याकाळचे साडेसात म्हणजे आत्ता त्याचे चार, नंतर तीन. वहिनी दुपारी कधी आडवी होते ते दादाला विचारून त्यावरच वेळ बांधा, म्हणजे तिलाही एकटं वाटणार नाही. तिला जागून बघत बसायचं असेल, तर बसू दे.

– मावशी