बालीमधल्या पारंपरिक चित्रकाराचं घर आणि रोजचं आयुष्य कसं असतं? मुद्दाम पाहायला जावं का?

जरूर जा, पण उबुदच्या गॅलऱ्या फिरून परत येऊ नका. क्लुंगकुंगजवळ कामासान नावाचं गाव आहे, तिथे जा. चामड्याच्या छायाबाहुल्यांसारख्या आकृत्यांची चित्रं तिथल्या घरांमध्ये पिढ्यानपिढ्या काढली जातात. त्यांच्या वस्तीचं नावच सांगिंग, म्हणजे चित्रकार.

मी पेणची, घरचा गणपतींचा कारखाना. २०१९ मध्ये कामासानच्या एका म्हाताऱ्या चित्रकाराच्या घरी अख्खी दुपार बसले होते. दारातून आत शिरलं की समोर आडवी भिंत येते. भुतंखेतं सरळ रेषेत चालतात असं मानतात, म्हणून त्यांची वाट अडवायला ती बांधलेली. वळसा घालून गेलं की मोकळं अंगण आणि भोवती सुट्या सुट्या इमारती. डोंगर आणि उगवती यांच्या कोपऱ्यात घरचं देवस्थान, स्वयंपाकघर समुद्राच्या अंगाला. चित्रांसाठी वेगळी खोली नव्हती. सणासमारंभाच्या ओट्यावरच चटई टाकून काम चाललेलं, आणि पलीकडे टोपलीखाली झाकलेला कोंबडा मधूनच ओरडत होता.

मला तिथे परकं वाटलंच नाही. आमच्याकडेही श्रावणात झोपायच्या खोलीत गणपती सुकत असत आणि आम्ही पोरं पडवीत निजत असू.

सुती कापड तांदळाच्या खळीत बुडवून उन्हात वाळवतात, मग कवडीने घोटून गुळगुळीत करतात. पाक (वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे असंच म्हणतात) पेन्सिलीने आकृत्या काढत होते. विषय भीमस्वर्गाचा: पंडू आणि माद्री यांचे आत्मे सोडवायला भीम नरकात जातो. आपल्या महाभारतात ही गोष्ट या रूपात नाही. क्लुंगकुंगच्या कर्ता गोसा मंडपाच्या छतावर ती अख्खी रंगवलेली आहे, तेवढं चुकवू नका.

पाकांनी आकृत्या संपवून कापड बायकोकडे सरकवलं. इबू (वडीलधाऱ्या बाईला तिथे असं म्हणतात) आधी सगळीकडे गेरूसारखा तांबडा भरत गेल्या, मग निळा, मग पिवळा. रेघेबाहेर एक थेंब नाही. मधे उठून देवापुढे फुलांच्या द्रोण्या ठेवून आल्या, चुलीकडे डोकावून आल्या आणि पुन्हा त्याच जागी ब्रश टेकवला. रंग सुकल्यावरच्या काळ्या रेघा आणि डोळे मात्र पाकांचे. अर्जुनासारख्या सौम्य पात्राचे डोळे चिंचोळे, भीमाचे गोल वटारलेले. पेणमध्ये याला आखणी म्हणतात, आणि आमच्याकडे ती फक्त बाबा करायचे.

सोवळ्याचा पिवळा, शेल्याची किनार, अंगाचा रंग हे सगळं आईचं. हंगामात रात्री दोन दोन वाजेपर्यंत. बाबा गेल्यावर दादाने कारखान्यावर नवी पाटी लावली, तिच्यावर एकट्या बाबांचं नाव. मी विचारलं तर म्हणाला, "आई नुसते रंग भरायची गं." त्यावरून आम्ही दोन वर्षं नीट बोललो नव्हतो.

कामासानच्या चित्राखालीही एकट्या पाकांचंच नाव होतं. मी इबूंना खुणेने विचारलं, तुमचं कुठे? त्यांनी मान हलवली आणि पाण्याची वाटी बदलायला गेल्या. ते चित्र मी घेतलं. त्यांचं नाव दुभाष्याला विचारून मागच्या बाजूला माझ्या हाताने देवनागरीत लिहिलं. "रंग भरणं म्हणजे मदत" हे म्हणणं साफ चूक आहे. तो तांबडा आणि निळा काढून घ्या, मग भिंतीवर काय लावणार ते सांगा! त्याच गावात मंकू मुरियाती आहेत. वडील मंकू मुरा नावाजलेले चित्रकार, आणि ही मुलगी स्वतः आकृत्या काढते, स्वतःच्या नावाने चित्रं करते. म्हणजे बाईच्या हाताला रेघ जमत नाही हेही कोणी सांगू नये.

मी एकच घर आतून पाहिलं, हे लक्षात घ्या. बालीतल्याच उबुदची, बातुआनची रीत वेगळी आहे. कामासानलाही आता बरेचजण बाजारचे ॲक्रिलिक रंग वापरतात, त्यामुळे "नैसर्गिक रंग" ऐकून जास्त पैसे मोजण्याआधी रंग घोटताना पाहा. आणि चित्रकार रोज चित्रंच काढतो असं समजू नका. बहुतेक देवळांचा उत्सव दर २१० दिवसांनी येतो, तेव्हा ब्रश ठेवून देवळात बिनपैशाचं काम करायला जावं लागतं. तुम्ही नेमके त्या दिवसांत गेलात तर घरी कोणी भेटणार नाही.

चित्र घ्याल तेव्हा घासाघीस करू नका. रंग कोणी भरले ते विचारा आणि ते नाव लिहून मागा.

दादा, तूही इथे वाचतोस हे मला माहीत आहे. गणपतीच्या आधी पाटी उतरव. नवीन पाटीवर दोन्ही नावं येतील, रंगाचा खर्च माझा.