सिव्हिल सोडून कॉम्प्युटरकडे वळू का?

तुझ्या पत्राचा गोषवारा असा: सिव्हिलचं तिसरं वर्ष चालू आहे. गाडीच्या काचेला मोबाईल लावून खड्डे आणि भेगा आपोआप ओळखणारं मॉडेल तू प्रोजेक्टसाठी बनवलंस. तुझ्याच फोटोंवर ते झकास चाललं, पण नव्या रस्त्यावर नेल्यावर झाडांच्या सावल्यांनाही खड्डे म्हणू लागलं. म्हणून विचारतेस, सिव्हिल सोडून कॉम्प्युटरकडे वळू का?

सोडू नकोस.

आधी मॉडेल का फसलं ते बघू. ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, घेतल्यास दोन फ्रेममध्ये जेमतेम अर्ध्या मीटरचा फरक पडतो, म्हणजे एकच खड्डा लागोपाठ कितीतरी फोटोंत येतो. त्यातले काही फोटो मॉडेलला शिकवायला आणि काही तपासायला वापरले असशील, तर ती पेपर फुटलेली परीक्षा झाली. तपासणीसाठी अख्खा रस्ताच वेगळा ठेवायचा. शिवाय सावली, ओला डाग, मॅनहोलचं झाकण, डांबराने बुजवलेली जुनी भेग यांनी भल्याभल्यांची मॉडेलं चकतात. आरडीडी २०२२ हा रस्त्यांच्या नुकसानीचा फोटोसंच मोफत मिळतो. त्यात जपान, भारत, चीन, अमेरिका, नॉर्वे आणि चेक प्रजासत्ताक इथले ४७,४२० फोटो आहेत. तो वापरून बघ.

आता मूळ प्रश्न. चौकट आखून 'इथे भेग आहे' एवढं सांगणारं मॉडेल आज बरेच जण बनवतात. ती भेग काय सांगते, हे वाचणारे कमी. मगरीच्या पाठीसारखं भेगांचं जाळं दिसलं की बहुधा वाहतुकीच्या भाराने रस्ता थकलेला असतो आणि खालचे थर कमकुवत झालेले असतात. वरवर डांबर ओतून तिथे फार दिवस निभत नाही. आडवी भेग बऱ्याचदा थंडीत डांबर आकसल्याने पडते, तिथे वेळेवर भेग भरली तरी पुष्कळ. भेगेतून पाणी आत मुरलं की खालचा थर सैल होतो, चाकांखाली वरचे तुकडे उखडतात आणि खड्डा तयार होतो. रस्ता सांभाळणाऱ्याला फोटोंचा ढीग नको असतो, कोणता रस्ता आधी आणि कसा दुरुस्त करायचा ते हवं असतं. त्यासाठी रस्त्याच्या स्थितीला ० ते १०० गुण देणारा पीसीआय निर्देशांक आहे. तो काढताना नुकसानाचा प्रकार, तीव्रता आणि व्याप्ती तिन्ही लागतात. खड्ड्याची खोली साध्या एका कॅमेऱ्यातून भरवशाने कळत नाही, म्हणून सर्वेक्षणाच्या गाड्यांवर लेसरही बसवतात. हे सगळं तुझ्याच शाखेचं ज्ञान आहे, आणि ते सोडून तू गर्दीत शिरायला निघालीस!

प्रोग्रॅमिंगसाठी पायथन, फोटोंवर काम करायला ओपनसीव्ही आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस मात्र नीट शिक. जीपीएसची नोंद काही मीटर इकडेतिकडे होते, त्यामुळे एकच खड्डा दोनदा मोजला जातो. हा गुंता सोडवलास तर मुलाखतीत बोलायला भरपूर मिळेल. पेव्हमेंट डिझाइन, म्हणजे रस्त्याच्या थरांची रचना, हा विषय ऐच्छिक असेल तर तोच घे.

वेगळ्या रस्त्यावर मॉडेलची अचूकता किती आली ते कळव, आकडा पडलेला असला तरी.