जंगलाचे पाणी मोजू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

उष्णकटिबंधीय जंगलांतील पाणी आणि हवामानबदल या विषयावर पीएच.डी. करण्याचा तुझा मानस वाचून फार समाधान वाटले. जंगलात जाऊन प्रत्यक्ष मोजमापे घ्यावीत की संगणकीय प्रारूपांवर काम करावे, असे तू विचारले आहेस. दोन्ही कामे लागतात. परंतु त्याआधी जंगलाला तू किती काळ देऊ शकशील याचा विचार कर, कारण या विषयातील अनेक चुकीचे निष्कर्ष घाईतून आलेले असतात.

वाचनाची सुरुवात एनेआस सालाती या ब्राझिलियन कृषिशास्त्रज्ञापासून कर. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील पाऊस अटलांटिकवरून येतो आणि त्या पावसामुळे जंगल वाढते, एवढीच समजूत तेव्हा रूढ होती. सालाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्यापासून खोऱ्याच्या अंतर्भागापर्यंतच्या पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या जड व हलक्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचे, प्रमाण तपासले. जड ऑक्सिजन असलेले पाणी आधी बरसून जाते, त्यामुळे बाष्प जसजसे आत सरकते तसतसे पावसाच्या पाण्यातील जड ऑक्सिजनचे प्रमाण घटत जायला हवे. पण प्रत्यक्षात ते अपेक्षेपेक्षा फारच कमी घटत होते. मुळांनी शोषलेले पाणी झाडे पानांवाटे हवेत सोडतात तेव्हा त्यातील समस्थानिकांचे प्रमाण जवळजवळ तसेच राहते. म्हणजे पडलेला पाऊस जंगल हवेला परत करत होते आणि तोच पुढे पुन्हा पडत होता. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात खोऱ्यातील सुमारे निम्मा पाऊस असा फेरा घेऊन येतो, असा अंदाज होता. पुढील काही अभ्यासांनी हा वाटा पाव ते एक तृतीयांश इतकाच धरला, तरी मूळ निष्कर्ष टिकला. मला या कामाबद्दल विशेष आदर वाटतो, कारण त्यातला प्रश्न इतका नेमका होता की पावसाच्या पाण्याच्या नमुन्यांतून त्याचे उत्तर मिळू शकले.

आता दुसरे उदाहरण, जे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. ब्राझीलच्या पारा राज्यात काशिउआना येथे एक हेक्टर जंगलात जमिनीच्या थोडे वर प्लास्टिकचे छत उभारून सुमारे निम्मा पाऊस मातीपर्यंत पोहोचू न देण्याचा प्रयोग या शतकाच्या आरंभी सुरू झाला. त्याच राज्यातील तापाजोस येथील अशाच प्रकारच्या प्रयोगात मोठ्या झाडांच्या मृत्यूचे प्रमाण ठळकपणे वाढायला सुमारे तीन वर्षे लागली. तेथे दोन वर्षांत काम आटोपते घेतले असते, तर जंगल दुष्काळाला दाद देत नाही, असेच कोणीही लिहिले असते. काशिउआनामध्ये पुढे सर्वांत मोठी झाडे सर्वाधिक मेली, आणि त्याचे कारण अन्नाचा तुटवडा नसून पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांत हवा शिरून प्रवाह तुटणे हे होते, असे २०१५ साली दाखवले गेले. तेवढ्यावर थांबले असते, तर जंगल संपत चालले आहे, असाच समज झाला असता. प्रत्यक्षात दोन दशकांहून अधिक काळानंतर ऱ्हास थांबल्याचे दिसले. उरलेल्या झाडांना पाण्याची चणचण विशेष जाणवत नव्हती. मात्र तोवर जंगलाचे एक तृतीयांशाहून अधिक जैववस्तुमान, म्हणजे झाडांचे एकूण वस्तुमान, गेले होते. असे लहान झालेले जंगल हवेला किती पाणी परत देते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रारूपांकडे वळशील तेव्हा मोजलेली गोष्ट आणि अंदाज यांतली रेघ पुसू देऊ नकोस. हवामानशास्त्रज्ञ कार्लोस नोब्रे आणि परिसंस्थाशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी २०१८ साली इशारा दिला की अ‍ॅमेझॉनची २० ते २५ टक्के तोड झाल्यास जलचक्र कोलमडून मोठा भाग गवताळ होऊ शकेल. हा इशारा अत्यंत गांभीर्याने घ्यावा असाच आहे. पण तो आकडा जंगलात मोजलेला नाही, तर विचारपूर्वक केलेला अंदाज आहे, हे प्रबंधात स्पष्ट लिही. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, काहीशी मिटतात आणि झाडे कमी पाणी सोडतात, हा परिणामही विसरू नकोस. ब्राझीलमधील मनाऊस शहराजवळचा, जंगलाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवून पाहण्याचा 'अ‍ॅमेझॉनफेस' प्रयोग असे परिणाम तपासण्यासाठीच आखला आहे.

सह्याद्रीवर काम करायचे झाल्यास मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांचा २०१८ चा अभ्यास आधी वाच. पश्चिम घाटातील जंगले तामिळनाडूच्या नैऋत्य मोसमी पावसाला लक्षणीय बाष्प पुरवतात, असे त्यांनी प्रारूपाच्या आधारे दाखवले आहे. त्या प्रारूपाची पारख करायला झाडांच्या खोडांतील रसप्रवाहाची आणि मातीतील ओलाव्याची अनेक वर्षांची सलग नोंद लागेल. ती ठेवण्यासाठी कोणती जागा निवडावी आणि तुझ्यानंतर ती कोण चालवील, याचा आराखडा करून मला पाठव. मग मोजमापांच्या साधनांविषयी सविस्तर लिहीन.

तुझा शुभचिंतक