गांजा कायदेशीर करावा का?
माझं मत विचाराल तर हो, पण बाजार मोकाट सोडून नाही. बंदी असली तरी ज्याला हवा त्याला मिळतोच, फक्त विकणारा वय विचारत नाही, पुडीत काय मिसळलंय ते कुणाला कळत नाही, वर खिशात दोन ग्रॅम सापडले की पोरावर केस पडते ती पुढे नोकरीतही आडवी येते. म्हणूनच उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये कायदा बदलला. विरोधातला टीएचसीचा (गांज्यातला नशा आणणारा घटक) मुद्दा मात्र खरा आहे, आजचा माल पूर्वीपेक्षा बराच कडक असतो आणि कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांना सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) धोका जास्त. ‘आज गांजा, उद्या हेरॉइन’ वगैरे मला पटत नाही. ड्रायव्हिंगचा घोळ वेगळाच, नशा उतरली तरी रोज ओढणाऱ्याच्या रक्तात टीएचसी कित्येक दिवस सापडू शकतं, मग गाडी चालवताना तो नशेत होता की नाही हे नुसत्या रक्त तपासणीवरून कसं ठरवणार?